आतोबांचं शिंपडणं

शुद्धतेच्या बाबतीत माझ्या आतोबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या अमरावतीत सापडायचा नाही. भिक्षुकी त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. ऑटोत बसण्याआधी सीटवर पळीभर पाणी शिंपडतील, मगच टेकतील. नवा मोबाइल आला तेव्हा त्याच्यावरही शिंपडलं, तो बंद पडल्यावर म्हणाले, "शुद्ध तं झाला ना."

अशा माणसाच्या घरात मांजर असणं हेच नवल. ठकी खरं तर आत्याची. आत्या गेली आणि थोड्याच दिवसांत ठकी रेतीचं घमेलं सोडून थेट आत्याच्या गोधडीवर मुतायला लागली. दुसऱ्या कोणी चप्पल फेकून मारली असती. आतोबा तिला अहोजाहो करून समजावायचे, "ठकाबाई, घमेलं कोणासाठी ठेवलं आमी?" मग गोधडीवर गोमूत्र शिंपडायचे, की झाली गोधडी शुद्ध. दुसऱ्या दिवशी ठकी पुन्हा तिथंच, आणि पुन्हा गोमूत्र. घरात असा काही दरवळ सुटला, की सत्यनारायणाचं बोलावणं घेऊन आलेले यजमान पायरीवरूनच बोलून परत जायला लागले.

अकोल्याहून आतेभाऊ आला. नाक दाबूनच त्यानं जाहीर केलं, की ठकीला तेल्हाऱ्याच्या वावरात सोडून येतो. म्हातारी ठकी तिथल्या कुत्र्यांत किती टिकणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. आतोबांचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना. मी आतेभावाला थांबवलं, ठकीला टोपलीत घातलं आणि आतोबांना स्कूटीवर मागे बसवून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तपासलं, आजार काही नव्हता. त्या म्हणाल्या, मुताच्या वासावर मांजर मुततं. तुम्ही गोमूत्र शिंपडता, तिला वाटतं दुसरंच जनावर येऊन गेलं, म्हणून ती पुन्हा आपली खूण करते. शिंपडणं बंद करा आणि गोधडी साबणानं स्वच्छ धुवा. मला हसू आवरेना. आतोबा मात्र टोपली उचलून बाहेर निघाले.

घरी येऊन मी गोधडी उचलायला गेलो, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"शिंपडलं की धुवा लागत नाई रे. म्हणूनच शिंपडून राहिलो होतो. हिच्यात तुझ्या आत्याचा वास आहे."

ठकीच्या आणि गाईच्या मुताखाली त्यांना आत्याचा वास कसा सापडत होता, देव जाणे. पण सापडत होता. माझं हसणं कुठल्या कुठे गेलं, आणि फार वाईट वाटलं.

आतेभाऊ टोपलीजवळ उभा होता. आतोबांनी गोधडीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग उठले, कोणाला हात लावू न देता ती मोरीत घेऊन गेले. मी टोपलीचं झाकण काढलं. ठकी बाहेर आली आणि मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"ठकाबाई, आता तुमी तरी राहा," ते म्हणाले, आणि त्यांनी नळ सोडला.