शेतातून गेलेली गाडी

तो तपास मी विसरलेलो नाही, आणि विसरावा असं वाटतही नाही. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

दिल्लीच्या वायव्य टोकाला, हरियाणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. आमच्या हद्दीतून मोठा कालवा जातो, तिकडची माणसं त्याला नहर म्हणतात, आणि त्याच्या काठाने अरुंद डांबरी रस्ता. माघात दोन्ही बाजूंना मोहरी फुलते, म्हणून रविवारी सकाळी शहरातली हौशी मंडळी तिथे गाड्या घेऊन येत. अशाच एका रविवारी रस्त्याच्या कडेच्या उतारावर एका रोपांच्या नर्सरीच्या चौकीदाराचं प्रेत सापडलं. सायकल चेपलेली, रस्त्यावर हेडलाइटच्या काचा. पंचनामा केला, अज्ञात वाहनाविरुद्ध गुन्हा नोंदवला. दिल्लीत अज्ञात वाहन शोधायचं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधायची.

चौकीदाराची बायको अधूनमधून ठाण्यात यायची. गुन्हेगार सापडला का, हे ती विचारतच नसे. तिचा प्रश्न एकच. "साहब, वो तुरंत गए थे ना? तड़पे तो नहीं?" तो जागच्या जागी गेला, असं गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं आणि त्या एका वाक्यावर ती बाई उभी होती. माझ्याजवळच्या शवविच्छेदन अहवालात वेगळंच होतं. रक्तस्रावाने, हळूहळू मृत्यू. तपास चालू आहे, एवढंच सांगून मी तिला परत पाठवायचो.

पुढे खबर आली ती खबऱ्याकडून नव्हे. आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळातला एक पुण्याचा तरुण, गुरुग्रामला आयटीत नोकरी करणारा, मला भेटायला आला. त्याला आणि त्याच्या मित्रांना एक नाद होता. मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधून सुंदर सुंदर रस्त्यांवर गाडी चालवायची. घड्याळ सगळी वाट नोंदवतं. मग ती नकाशावर उमटवून ग्रुपवर टाकायची आणि वाहवा मिळवायची. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं.

"सर, एक अजीब गोष्ट आहे," तो म्हणाला. "आमच्या ग्रुपमधल्या एका सरांनी कालव्याचा रूट टाकला होता. आम्ही तोच करायला निघालो, तर नकाशात एका ठिकाणी त्यांची गाडी चक्क शेतातून गेलीय! बिल्कुल सरळ रेघ. रस्ता तर तिथे मोठा वळसा घेतो."

"घड्याळ चुकलं असेल."

"घड्याळ चुकलं की रेघ वेडीवाकडी भरकटते सर. अशी पट्टी लावल्यासारखी येत नाही. मधला तुकडा कुणीतरी कापलाय. मी त्यांना विचारलं, तर त्यांनी रूटच काढून टाकला. आणि त्या वळणावरच्या चहावाल्याने सांगितलं, त्याच रविवारी तिथे एक चौकीदार गाडीखाली गेला."

हे 'सर' म्हणजे केंद्र सरकारच्या एका खात्यातले बडे अधिकारी. गणेशोत्सवात माझ्या शेजारी उभे राहून आरती म्हणणारे. त्यांच्या गाडीचा बंपर नवा कोरा निघाला. काम गाझियाबादच्या एका गॅरेजात झालं होतं. तिथे भंगारात पडलेल्या दिव्याला आमच्या काचा जुळल्या. मी त्यांना नोटीस देऊन बोलावलं.

"साहेब, निलगाय आडवी आली," ते शांतपणे म्हणाले. "आपण आपली माणसं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

आपली माणसं! ठाण्यात हे शब्द ऐकले की माझं डोकं सणकतं.

"उतरून बघितलंत?"

"छे. थांबलोच नाही. डायरेक्ट घरी."

मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ जप्त केलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. नकाशा त्यांनी कापला होता तो संगणकावर. घड्याळातली मूळ नोंद तशीच होती. अहवाल आल्यावर त्यांना पुन्हा बोलावलं आणि कागद समोर ठेवला. गाडीतला जीपीएस गाडी कुठे होती ते सांगतो, मनगटावरचा माणूस कुठे होता ते सांगतो. वळणावर गाडी थांबली होती. तिथून चालण्याच्या वेगाने एक रेघ उताराने खाली उतरली होती, प्रेत सापडलं त्या जागी थांबली होती आणि परत वर आली होती.

"निलगाईची विचारपूस करायला गेला होतात?" मी विचारलं.

गृहस्थाने कागदावरची ती रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग तो बोलला.

"जिवंत होता. पाणी मागत होता. गाडीत बाटली होती, ती आणायला म्हणून वर आलो. सीटवर बसलो. बाटली हातात होती साहेब. पण समोर नोकरी दिसली, मुलीचं लग्न दिसलं. गाडी चालू केली."

"मग त्या दिवशीची नोंद सगळीच का नाही पुसलीत? नकाशा टाकायचीच काय गरज होती?"

तो खाली बघत म्हणाला, "बाकीचा रस्ता फार सुंदर झाला होता."

मी खुनी पाहिलेत, दरोडेखोर पाहिलेत. इतकी किळस मला कधी आली नव्हती. मी बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धुतलं.

या तपासाने मला एक शिकवलं. पुष्कळ माणसं वाईट करायला निघत नाहीत. ती मदतीला म्हणून पुढे होतात आणि मध्येच त्यांना आपलं घरदार आठवतं. म्हणून पुढच्या प्रत्येक प्रकरणात मी आरोपीने काय केलं हे तर विचारलंच, पण तो कुठवर जाऊन परत फिरला हेही शोधत राहिलो. कायद्याच्या दृष्टीने त्याला फारसं महत्त्व नसेल. मला मात्र माणूस तिथेच कळतो.

आरोपपत्र दाखल करण्याआधी मी चौकीदाराच्या बायकोला बोलावलं. कोर्टात वकिलाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. शेजारी महिला हवालदाराला बसवलं आणि सगळं सांगितलं. तो लगेच गेला नाही, हेही.

तिने रडारड केली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने विचारलं, "पानी माँगा था?"

"हां."

"और वो बोतल लेने गाड़ी तक गया?"

"हां."

ती जायला उठली. मग म्हणाली, "बोतल क्यों, साहब? नहर तो बगल में थी. हाथ से पिला देता."