चिमटलेलं भिंग

आमच्या मावशीने लावलेलं बरणीचं झाकण घरात कोणाच्या बापाला उघडत नाही. नळ तर असा आवळते की तोंड धुवायचं तरी तिलाच हाक मारावी लागते. प्रयोगशाळेत तिचं नाव 'पक्कड' पडलंय. ती तिथे यंत्रं जुळवते, मी वायरी जोडते. लोक हसतात, हसोत. एक बोल्ट सैल राहिला, शिडी निसटली आणि मावशीचे यजमान, आमचे काका, गेले. तेव्हापासून 'सैल' म्हटलं तरी मावशी उठून पाना शोधते.

यंदा तिच्याकडे ताऱ्यांच्या प्रकाशाचा कल मोजायचं यंत्र आलं. ताऱ्याचा प्रकाश सगळ्या बाजूंनी थरथरत निघतो आणि वाटेतल्या धुळीतून येताना किंचित एका बाजूला कलतो. तो कल मोजायचा, म्हणजे पेटीतल्या भिंगाने स्वतः लुडबुड करता कामा नये. भिंग एकच होतं. ते घासून घडवणारे म्हातारबुवा अंथरुणाला खिळलेले. फुटलं की संपलं. मावशीने ते तीन स्क्रूंनी पेटीत घट्ट बसवलं.

चाचणी साधी होती. भिंगाच्या अलीकडे प्रकाशाची एक गाळणी, पलीकडे दुसरी, पहिलीला आडवी. सगळं ठीक असेल तर आत मिट्ट काळोख दिसायला हवा. मी दिवा लावला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी डोळा लावला आणि मला पुढे ओढलं. मग मी पाहिलं. तीन जागी उजेड झिरपत होता, नेमका तीन स्क्रूंपाशी.

"पक्कडताई, भिंगाला चिमटे काढलेत तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "काच दबली की प्रकाश बिघडवते. सैल करा."

"पडेल हो."

"आणि असंच ठेवलंत तर तडकेल."

मावशीने हत्यार उचललं. स्क्रू ड्रायव्हर दोनदा खाचेतून घसरला. मलाही धडकी भरली होती, उगाच कशाला खोटं सांगू? पहिला स्क्रू फिरला. दुसरा. तिसऱ्याला तिने डोळे मिटले. उजेडाचे डाग एकेक करून विझले.

ही पेटी दुर्बिणीखाली लटकून उलटीसुलटी होणार, म्हणून मॅडमनी लगेच ती हळूहळू उलटी करायला घेतली. मावशीने खाली ओंजळ धरली. आत 'टक्' वाजलं. मॅडमनी पुन्हा डोळा लावला.

"काळोख आहे!" मॅडम ओरडल्या. "छान मिट्ट काळोख!"

भिंग किंचित सरकून थांबलं होतं, पण जागेवरच होतं. मॅडमनी पेटी तशीच उलटी स्टँडला अडकवली आणि आनंदाने फोन करायला बाहेर गेल्या.

"मावशी, झालं गं. हात काढ आता."

"ते नुसतं टेकलंय," ती म्हणाली. "धरून कुणीच नाहीये."

तिने ओंजळ तशीच धरून ठेवली. मग मीही तिच्या ओंजळीखाली माझी ओंजळ धरली.