भोंग्याचं बटण

आमच्या गल्लीला महापालिकेचा निधी मंजूर झाला तेव्हा पेढे मीच वाटले. त्याआधीच्या पुरात पाणी घरात कधी शिरलं ते कुणालाच कळलं नव्हतं. माझ्या सासूबाईंना कॉटवर उभं करून मी दोन तास धरून ठेवलं होतं. त्यांचे गार पडलेले पाय अजून माझ्या हातांना आठवतात. म्हणून आम्ही बायकांनी बचत गटातर्फे अर्ज केला. निधीतून दोरखंड आले, लाइफ जॅकेटं आली, तालमीच्या माडीवर भोंगा बसला. बटण मात्र माझ्या दाराजवळच्या भिंतीवर लावलं, कारण मी घरात ब्लाऊज शिवते, दिवसभर घर सोडत नाही.

"वहिनी, गल्लीच्या खालच्या टोकाला खांबावर लाल पट्टा मारलाय," तालमीचे अध्यक्ष म्हणाले. "पाणी तितं टेकलं की दाबायचं. लई इचार करायचा न्हाय."

पाऊस लागला आणि मला दुसरं काही सुचेना. दर तासाला जाऊन खांब बघायचा. चौथ्या दिवशी दुपारी पाणी पट्ट्याच्या खाली चार बोटं होतं. तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. अध्यक्षांना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. पट्टा टेकायची वाट बघावी, तर खालच्या घरांतली अंथरुणाला खिळलेली माणसं निघणार कधी? आणि वाजवला नि पाणी आलंच नाही, तर पुढच्या खेपेला कोण उठेल? भिंतीजवळ गेले, परत फिरले, पुन्हा गेले आणि दाबलं.

असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळी गल्ली बाहेर पडली. समोरच्या आक्का, साठी उलटलेल्या, म्हशीचं दावं सोडायला घाईनं पायरी उतरल्या आणि घसरल्या. त्यांची किंकाळी भोंग्याच्या आवाजातही मला ऐकू आली.

पाणी पट्ट्याला टेकलं, रात्रभर तिथंच थांबलं आणि सकाळी उतरलं. एकाही घरात शिरलं नाही. शाळेत हलवलेली माणसं परतताना माझ्या दारावरून गेली. "उगंच पळिवलं," कुणीतरी म्हणालं. आक्कांचं मनगट मोडलं होतं. तीन दिवस मी समोरचं दार बघायचं टाळलं. कुणी मोठ्यानं बोललं तरी मी दार लोटून घ्यायचे.

चौथ्या दिवशी गेले. आक्का प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी बसायच्या आतच म्हणाल्या, "हात तुझ्यापायी मोडला."

मला रडू फुटलं.

"रडू नगं. आदी म्हशीला वैरण टाक."

मी वैरण टाकली, शेण काढलं, हात धुऊन आले.

"पाणी किती खाली हुतं?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं."

"मग कुणाला इचारलंस?"

"अध्यक्षांचा फोन लागला नाही, आक्का."

"आन् मी काय मेलो हुतो व्हय? समोर ऱ्हातो की! चार पूर बघितल्यात ह्या डोळ्यांनी."

मी एवढी घाबरले होते, पण समोर जाऊन विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तालमीतल्या बैठकीला आक्का प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत घालून आल्या आणि अध्यक्षांना सुनावलं, "पावसाळ्यात एकट्या बाईच्या गळ्यात एवढं घालू नगासा. दोघी मिळून बघताव." ते तसंच ठरलं.

यंदाही पाऊस जोराचा लागला की माझी शिवण चुकते, उसवून पुन्हा घालावी लागते. मग रस्त्यावरून हाक येते, "ए, मशीन बंद कर. चल, खांब बघून येऊ." त्यांचं मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून दुसऱ्या हातानं माझा दंड घट्ट धरून त्या चिखलातून चालतात.