सात वेढे जायफळ

चिंतामणी ऑर्डनन्स फॅक्टरीत कारकून, पण जीव सगळा नाटकात. गेल्या गणेशोत्सवात ऐन रंगात तो वाक्यं विसरला आणि आतून प्रॉम्प्टर जयदेवचाच आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“यंदा विसरलास तर वकिलाची भूमिका माझी,” जयदेवनं बजावलं. “कायमची!”

झालं, आई वेणूबाई कामाला लागली. बारवी धरणाकडच्या रानातली येसू टोपलीभर ब्राह्मी आणून द्यायची.

“बाय, येवढा पाला बैलाला घालतंस का गं?”

“मुलाला!”

“मंग बराय. बैल नाय खात, कडू लागतंय त्याला.”

सकाळी ब्राह्मीची चटणी, दुपारी सरबत, डोक्यावर ब्राह्मी-माक्याचं तेल. ओघळ थेट ऑफिसातल्या मस्टरवर. हेडक्लार्क म्हणाले, “चिंतामणराव, अंघोळ करून आलात की तळून?”

पण वाक्यं पाठ झाली! भाजी निवडताना घडाघडा, झोपेतसुद्धा घडाघडा. बायको कुंदा वैतागली, “रोज रात्री मलाच आरोपी करतात!”

नाटकाच्या दिवशी मात्र हात असे थरथरू लागले की मिशी ओठाऐवजी गालावर चिकटली. ते बघून वेणूबाईनं गुपचूप सहाणेवर जायफळ उगाळलं. बाळगुटीत तान्ह्याला सहाणेवरचा एक वेढा, तर एवढ्या घोड्याला सात तरी हवेत! दुधातून पाजले. जायफळानं शिरा सैल पडतात, हे तिचं शास्त्र. कुंदाचं शास्त्रही तेच निघालं. तिनं सासूला न सांगता, त्याच सहाणेवर उगाळून, त्याच्या बासुंदीत ढकललं.

पहिला अंक झकास. हात स्थिर, आवाज खर्जात. दुसऱ्या अंकात साक्षीदार बोलू लागला आणि वकीलसाहेब खुर्चीत घोरू लागले.

जयदेव आतून कुजबुजला. मग ओरडला. पुढच्या रांगेत वेणूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं बाई, सात जास्त झाले की काय!”

“म्हणजे? आई, तुम्हीपण दिलंत?” कुंदा किंचाळली.

मंडप हसून लोळला. जयदेव संहिता मिटून, वकिलाचा कोट काढून घ्यायला थेट रंगमंचावर आला. त्यानं बाही ओढली मात्र, चिंतामणी मिटल्या डोळ्यांनी उभा राहिला आणि तिसऱ्या अंकातलं अख्खं भाषण एका दमात म्हणून गेला. एक शब्द चुकला नाही. शेवटी समोर बोट रोखून गरजला, “मायलॉर्ड, हाच तो खुनी!”

समोर जयदेव.

टाळ्या थांबेनात. नाटक एक अंक आधीच संपलं, पण भूमिका चिंतामणीकडेच राहिली. मंडळानं अट एकच घातली: पुढल्या वर्षी नाटकाच्या दिवशी त्या घरची सहाण मंडळाच्या कपाटात कुलूपबंद.

वेणूबाईनं मान डोलावली आणि जायफळाची डबी हळूच पदराखाली सरकवली.