हात लावला की पेशंट आपला

वर्सोव्याचा धर्मा नाखवा सकाळपासून कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून होता. एका टोकाला आमचा मेडिसिन वॉर्ड, दुसऱ्या टोकाला सर्जरीचा. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, श्वास घेता येईना. यकृतात पू झालाय, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण वेगळंच होतं. पू काढायचा म्हणजे काम सर्जरीचं, असं आम्ही म्हणत होतो. औषधानं जिरेल, म्हणजे काम मेडिसिनचं, असं ते म्हणत होते.

ऐंशीच्या दशकात उपनगरातल्या आमच्या हॉस्पिटलात एक अलिखित नियम होता. ज्या रेसिडेंटनं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरनं, पेशंटला आधी हात लावला, पेशंट त्याच्या युनिटचा. खाटा कायम भरलेल्या. त्यामुळे सगळे खिशात हात घालून पेशंट बघायचे. सर्जरीवाल्यांना आम्ही ‘देवनारवाले’ म्हणायचो, देवनारच्या कत्तलखान्यासारखी कापाकापी करतात म्हणून. आम्ही नुसतं बोलतो, म्हणून ते आम्हाला ‘कीर्तनकार’ म्हणायचे. मेस एकच, पण टेबलं वेगळी.

मी गेले तेव्हा सर्जरीचा कांबळे तिथे उभा होता. हात खिशात. मीही घातले. धर्मा पांढराफटक पडला होता. पू आत फुटला तर माणूस हातचा जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

धर्माची बायको आमच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती आमच्या खिशांकडे बघत होती.

“डॉक्टर, तुमच्या हातांना काय झालंय?”

अंगाची नुसती आग झाली. कांबळेवर, माझ्यावर, त्या नियमावर. मी हात काढला आणि धर्माच्या बरगडीखाली ठेवला. कांबळेनं माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी स्वतःचा हात टेकवला.

“पोट उघडायचं नाही रे. तू सुईनं पू काढ, औषध मी चालू करते.”

“सुई कुठे घालू, ते दाखव मग.”

मी बोटानं दाबत गेले. एका जागी धर्मा कळवळला. तिथेच भूल देऊन कांबळेनं जाड सुई घातली. सिरिंज भरभरून चॉकलेटी पू निघाला. धर्मानं पोटभर श्वास घेतला, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

राउंडला आमच्या सरांनी विचारलं, “कोणाचा पेशंट हा?”

“माझा,” दोघंही म्हणालो. सरांना ते आवडलं नाही, पण धर्माला खाट मिळाली.

तो चालत घरी गेला. मग त्याच्या बायकोनं दोन्ही वॉर्डांसाठी सुक्या बोंबलांची एकच पिशवी धाडली. मेसच्या आचाऱ्यानं वाटे करायला साफ नकार दिला. झक मारत टेबलं जोडावी लागली. देवनारवाल्यांनी जास्त खाल्ले, हे माझं आजही मत आहे.

नियम काही एका दिवसात गेला नाही. पण कांबळे आणि मी ड्युटीवर असलो, की त्या ट्रॉलीवर कोणी ताटकळत पडलं नाही. नव्या रेसिडेंटना मी एवढंच सांगते, एप्रनचे खिसे पेनासाठी असतात.