तळं राखणाऱ्या ब्रेकबाई

ब्रेकबाई मोटार चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्यावरून कधी हलत नसे, म्हणून हे नाव. स्वभावही तसाच. दूध घ्यायचं ते वास घेऊन, आणि जाऊ "सहज आले" म्हणाली तरी मनात पाल चुकचुकायची.

त्याला कारण होतं. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचा कोट पूरग्रस्तांसाठी दिला होता. पुढे तोच कोट जुन्या बाजारात टांगलेला दिसला. कोपरावरचं रफू त्यांच्याच हातचं. भाव न करता त्यांनी तो परत विकत घेतला आणि दानधर्माच्या बाबतीत कानाला खडा लावला.

मग समुद्रापलीकडच्या एका बेटावर भूकंप झाला. बाईंच्या इमारतीत राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. जुन्या वस्तूंची विक्री करायची, घरोघरी डबा फिरवायचा आणि जमेल ते एका मदतसंस्थेकडे द्यायचं, असं ठरत होतं.

"तिकडे पोचतं कशावरून?" बाईंनी विचारलं.

"संस्था मोठी आहे, काकू," डॉक्टर म्हणाले.

"मोठ्या पोटाला जास्तच लागतं."

तळमजल्यावरचा दुकानदार वैतागला. "एवढा संशय आहे तर डबा तुम्हीच सांभाळा."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "सांभाळते. पण कुलपं दोन लावायची. एक किल्ली डॉक्टरांकडे, एक माझ्याकडे."

डबा भरत गेला. विक्रीच्या दिवशी बाई टेबलामागे उभ्या राहून प्रत्येकाच्या हातांवर नजर ठेवून होत्या. स्वतः मात्र त्यांनी दमडीही टाकली नाही.

त्याच सुमारास त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन बसलं. त्यांनी कर्ज काढून दुसरी गाडी घेतली. वापरलेलीच, पण लालचुटूक. जाऊ येऊन गाडीभोवती फिरली.

"अगदी वेळेवर जमलं हो तुम्हाला."

"म्हणजे?"

"मी नाही म्हणत. खाली दुकानात म्हणतात, तळं राखी तो पाणी चाखी."

कर्जाचे कागद कपाटात होते, पण कागद दाखवत फिरणाऱ्यावर बाईंनी स्वतः कधी विश्वास ठेवला नव्हता. दोन कुलपांचं सांगावं, तर लोक म्हणणार, डॉक्टरही सामील. त्या दिवसापासून जिन्यात कोणी नुसतं "कशा आहात?" विचारलं तरी त्यांना त्यात खोच दिसू लागली.

शनिवारी सकाळी बाई डॉक्टरांना गाडीत घेऊन दुकानापाशी थांबल्या.

"चला, डबा पोचवायचाय. तुम्ही मांडीवर घेऊन बसा."

"दुकान कोण बघणार?" दुकानदाराने विचारलं.

"बायको बघेल. तिच्यावर तरी विश्वास आहे ना?"

संस्थेचं कार्यालय म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक खोली. टेबलाशी बसलेली तरुणी त्या बेटावरचीच होती, अडखळत मराठी बोलायची. सगळ्यांसमोर डबा उघडला, पावती झाली.

"हे सगळं तिकडे पोचेल?" ब्रेकबाईंनी विचारलं.

"सगळं नाही. बंदर मोडलंय. मागचं सामान अजून जहाजावर पडून आहे. काही चोरीलाही गेलं." तिने पावती पुढे सरकवली. "माझी आई मैदानात तंबूत आहे. तंबू मिळाला, ब्लँकेट नाही मिळालं."

"बघा, स्वतःच कबूल करते," दुकानदार हळूच पुटपुटला.

आजवर मदत नेणाऱ्या कोणीही ब्रेकबाईंना असं खरं सांगितलं नव्हतं. त्यांनी पर्समधलं होतं नव्हतं ते टेबलावर ठेवलं आणि कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला.

"आईला ब्लँकेट मिळालं की कळवा. नाही मिळालं तरी कळवा."

परतताना दुकानदार म्हणाला, "आता लोक म्हणतील, तिथेही तुमचं कमिशन आहे."

"म्हणतीलच. दुसऱ्या कोणाबद्दल मीही म्हटलं असतं."

काही दिवसांनी तिचा फोन आला. ब्लँकेट मिळालं होतं. पण एकच, दोघींत.

"दुसरी कोण?" बाईंनी चटकन विचारलं.

"शेजारीण. तिचं कोणी उरलं नाही."

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्या शेजारणीचं वय काय, ती जेवते का, बोलते का, हे विचारत राहिल्या.