बाटलीवरचा गोऱ्हा

पुण्यातला फ्लॅट विकून आम्ही दोघं पारनेर तालुक्यात राहायला आलो, तेव्हा माझ्या डोक्यात गाय होती. शाळेत तीस वर्षं गाईवरचे निबंध तपासले, आता एक खरी दारात हवी, असं मी यांच्या मागे लागले होते. संकरित गाभण गाय आणली. ती व्यायली, गोऱ्हा झाला आणि कौतुकाला कोणीही आलं नाही.

इकडे दूध डेअरीला जातं, आणि संकरित गाय वासरू नसलं तरी धार देते. कालवड झाली तर तिला जपतात. गोऱ्ह्याचं करायचं काय? शेत ट्रॅक्टर नांगरतो, आणि याला वशिंडच नसल्याने मानेवर जू ठरत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला दूध पाजतच नाहीत. चार-सहा दिवसांत तो आपोआप जातो. शेजारच्या मावशींनी हे मला चहा पिता पिता समजावलं. मला त्यांचा भयंकर राग आला.

मी बाटलीला निप्पल लावलं. मावशी कुंपणापलीकडून बघत होत्या.

"बाई, लळा नका लावू त्याला," त्या म्हणाल्या. "पुढं तुमालाच जड जाईल."

काय निर्दय माणसं आहेत, असं मी यांना आत येऊन सांगितलं. तेही चांगलं मोठ्याने. आज त्याची लाज वाटते.

गोऱ्हा वाढला. माझ्या चपलांचा आवाज ऐकला की हंबरायचा, मागे मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. बाटली सुटली, ढुशी मारायची सवय मात्र सुटली नाही. खच्ची केल्यावरही अंगातली रग तशीच. दीड वर्षाचा झाल्यावर एका सकाळी त्याने लाडाने यांना ढुशी दिली आणि हे गोठ्यात आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा पडलात तर उभे राहणार नाही. गोऱ्हा तर रोज दावं तोडून पलंगापाशी येऊ बघत होता.

मग मी त्याच्यासाठी घर शोधायला लागले. गोवंश हत्याबंदीचा कायदा झाल्यापासून असल्या गोऱ्ह्याला बाजारात कोणी विचारत नाही. गोशाळांना फोन केले, कुठेही जागा नव्हती. उन्हाळा चढला तसा गाईपुरताही चारा मिळेना. शेवटी मावशींच्या दिरांनी निरोप धाडला. त्यांचेही दोन गोऱ्हे होते, कसेबसे जगलेले. ते टेम्पोत घालून घाटाखालच्या माळावर सोडायचे होते, तुमचाही चढवा म्हणाले. मी हो म्हणाले. हे अंथरुणात होते, त्यांच्यावर ते ढकलता येणार नाही.

भर दुपारी माळावर पोचलो. पाणी कुठे दिसत नव्हतं. टेम्पोचा फाळका पाडल्यावर दिरांचे दोघे उतरून खुरट्या गवताकडे निघून गेले. आमचा माझ्या पोटाशी डोकं लावून उभा राहिला. दिरांनी काठी हाणली तसा तो माझ्या पाठीमागे लपला. पुन्हा हाणली, पुन्हा तेच. त्याला दुसरी जागाच माहीत नव्हती, ती मीच करून ठेवली होती.

दिरांनी काठी माझ्यापुढे धरली. आवाजात टोमणा नव्हता.

"बाई, आमी मारलं तर तो तुमच्याकडंच येनार. तुमी मारा, मंग जाईल."

माझा पहिला फटका हलकाच बसला. त्याला खेळ वाटला, त्याने ढुशी दिली. दुसऱ्या फटक्याला त्याने काठी चाटली. तिसरा मी जोर लावून नाकावर मारला. तो दोन पावलं मागे सरला आणि माझ्याकडे बघत थांबला. मला ओरडून रडू येत होतं, पण रडले असते तर तो परत जवळ आला असता. तो पाठ फिरवेपर्यंत मी मारत राहिले.